मगोमेनी ते कारियाकू

“परत म्हण,” हमिसी म्हणाला.

“रेहमा.”

“रे-हे-मा. आणि घाई करू नकोस, मास्टर. ती सगळ्यात शेवटी चढते. तू नाव आधीच घेतलंस तर अथुमानीचे खांदे तयार नसतात.”

सकाळचे नऊ वाजले होते. कऱ्हाडच्या बाहेर एका मैदानात आमच्या ग्रेट कोयना सर्कसचा तंबू लागला होता. आत खेळाडूंचा सराव चालला होता आणि मी, सर्कसचा अनाउन्सर प्रोफेसर विलास राजे, रिंगणाच्या कडेला पालथ्या बादलीवर बसून पाच माणसांची नावं पाठ करत होतो. प्रोफेसर मी कसलाच नव्हतो. सातवी नापास होतो. पण सर्कशीत कोट घातलेल्या बोलक्या माणसाला प्रोफेसर म्हणायची पद्धत आहे आणि मला ती फार मानवली होती.

ती पाच माणसं टांझानियातल्या दार-ए-सलाम शहरातली. हमिसी त्यांचा म्होरक्या, पस्तिशीचा, अंगानं भक्कम आणि बोलायला शाळामास्तर. अथुमानी, झुबेरी आणि शबानी हे तिघं त्याच्याच हाताखाली तयार झालेले. आणि रेहेमा, बावीस वर्षांची, सगळ्यांच्या डोक्यावर चढणारी. दीड वर्षं आमच्याबरोबर राहून पाचही जण सर्कशीतली मोडकीतोडकी हिंदी बोलायला लागले होते. आमचं बोलणं त्यातच व्हायचं. इथे मी ते मराठीत सांगतोय.

दीड वर्षात मी त्यांची नावं शिकलो नव्हतो, कारण मला ती लागलीच नव्हती. सरकारनं वाघसिंहांचे खेळ बंद केले तेव्हा आमच्या सर्कशीचं कंबरडं मोडलं. मग मालकांनी वाघांच्या जागी हे खेळाडू आणले. वेळ वाघांची, बॅण्डची धून वाघांची आणि, आत्ताच सांगून मोकळा होतो, बोलणंही वाघांचंच. वाघांसाठी मी जे भाषण रचलं होतं त्यातले चार शब्द बदलले, बाकी जसंच्या तसं ठेवलं. “सावधान! घनदाट अरण्यातून थेट आपल्या गावात! पुढच्या रांगेतल्या मायमाउल्यांनी लेकरं मांडीवर घ्यावीत! यांना सकाळपासून काही खायला दिलेलं नाही!” मग कमरेला झाडपाला गुंडाळून, तोंडावर पांढरे पट्टे ओढून हे पाच जण लाकडी भाले नाचवत यायचे. बाया किंचाळायच्या, पुरुष हसायचे. त्या हशाला मी माझी कमाई समजायचो. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला हाड नव्हतं आणि वर माईक होता.

आता नावं लागणार होती ती नव्या नंबरासाठी, म्हणजे नव्या खेळासाठी. तो हमिसीनं बसवला होता. दार-ए-सलाममध्ये समुद्रकाठच्या वाळूवर तो पोरांना सर्कस शिकवायचा. “आमच्याकडे हल्ली अशीच सर्कस करतात,” तो सांगायचा. “जनावर नाही, जंगल नाही. आपली गल्ली, आपला बाजार, पाण्याची रांग. मी जन्मात जंगल पाहिलं नव्हतं, मास्टर. पहिलं जंगल पाहिलं ते तुमच्या आंबा घाटात.”

नंबर होता त्यांच्या गावातल्या दालादालाचा. म्हणजे शहरातली खासगी छोटी बस. हमिसी खाली पाय फाकून उभा, हातात आमच्या भंगारात गेलेल्या ट्रकचं स्टिअरिंग. तो ड्रायव्हर. कंडक्टर एकेका प्रवाशाला नावानं हाका मारणार आणि हाक येईल तसा एकेक जण गाडीत, म्हणजे हमिसीच्या अंगावर, चढणार. अथुमानी खांद्यावर उभा. झुबेरी आणि शबानी दोन्ही बाजूंना दारात लटकल्यासारखे, एका हातानं आणि एका पायानं. सगळ्यात शेवटी बाजाराला निघालेली रेहेमा, डोक्यावर टोपली घेऊन, लटकलेल्यांच्या अंगावर पाय देत देत थेट अथुमानीच्या खांद्यावर. आणि मग ती अख्खी बस खड्ड्यांतून डुलत, ब्रेक मारत रिंगणाला फेरी घालणार.

मी तो नंबर पहिल्यांदा पाहिला तेव्हा बादलीवरून उठून ओरडलो होतो, “अरे, हे तर आपलं वडाप!”

“वडाप काय?”

“आमच्याकडच्या जीपा. नऊ माणसांच्या जागेत एकोणीस. टपावर, दारात, ड्रायव्हरच्या मांडीवर. तसंच ओरडतात, चला कऱ्हाड कऱ्हाड कऱ्हाड.”

हमिसी गुडघ्यावर हात मारून हसला. “मग कंडक्टर तूच,” तो म्हणाला. “तुझ्याएवढं ओरडणारं आमच्यात कुणी नाही.” अशा रीतीनं मी त्या नंबरात शिरलो. हमिसी, मगोमेनीचा. अथुमानी, तेमेकेचा. झुबेरी, उबुंगोचा. शबानी, म्बागालाचा. रेहेमा, कारियाकूच्या बाजाराला उतरणार. ही सगळी त्यांच्या शहरातल्या वस्त्यांची नावं. म्बागाला म्हणताना माझे ओठ चिकटायचे आणि शबानी लोळून हसायचा. सरावाच्या त्या आठ दिवसांत मी फार आनंदात होतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल की माझ्या मनात आधीपासूनच काही काळंबेरं होतं.

मालकांना मीच पटवलं. आबासाहेब माणूस वाईट नव्हता, फक्त दोनदा बुडालेला होता. “प्रोफेसर, लोक झाडपाला बघायला येतात,” ते म्हणाले. “शर्ट-पॅण्टमधली माणसं त्यांच्या घरी आहेत.”

“एक खेळ द्या, मालक. माझ्या शब्दावर द्या.”

त्यांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सारला. “रविवारचा चारचा घ्या. पब्लिकला आवडलं तर झाडपाला कायमचा बंद. नाही आवडलं तर करार संपेपर्यंत पुन्हा हा विषय नको.”

ही बातमी मी सांगितली तेव्हा बाकीचे नाचले, रेहेमा मात्र तिथेच खाली बसली. “फोटोवाला आणता येईल?” तिनं विचारलं. “दीड वर्ष झालं, आई फोटो मागतेय. कशातला पाठवू? पानांतला?” मी गावातल्या स्टुडिओत जाऊन रविवारसाठी फोटोग्राफर ठरवून आलो. तिनं शिंप्याकडून पिवळा ब्लाऊज आणि हिरवी लुंगी शिवून घेतली आणि तीन वेळा उसवून बरोबर करून घेतली.

दोन गोष्टी त्या आठवड्यातल्या सांगायला हव्यात.

पहिली सर्कशीच्या रिवाजाची. अनाउन्सरच्या तोंडून गेलेलं वाक्य खेळाडूनं पडू द्यायचं नाही. त्यानं चुकीचं सांगितलं तरी ते खरं करून दाखवायचं, कारण अनाउन्सर खोटा ठरला की अख्खा तंबू खोटा ठरतो. सोलापुरात मी एकदा भरात येऊन बोलून गेलो होतो की यांच्यातली पोरगी पाच जळत्या कड्यांतून उडी घेईल. कडी चारच होती. हमिसीनं डोळ्यांनी खूण केली, बॅण्डवाल्यांनी धून लांबवली, मागून पाचवं कडं पेटवून आणलं आणि रेहेमानं ते काम केलं. नंतर तिच्या कोपरावर फोड आला होता. मला कुणी एक शब्द बोललं नाही.

दुसरी गोष्ट अगदी बारीक. गुरुवारी सरावात वरच्या पताकांची दोरी अडकली. आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून मी चपला काढल्या, बांबूवर सरसर चढलो, आडव्या दोरावर चार पावलं गेलो, गाठ सोडवली आणि खाली आलो. हमिसी तोंड उघडं टाकून बघत होता.

“हे कुठे शिकलास?”

“मी रत्नागिरीकडचा. लहानपणी माडावर चढायचो.”

तो माझ्या पायांकडे पाहत राहिला. “आमच्याकडेही माड आहेत, मास्टर,” एवढंच म्हणाला आणि स्टिअरिंग पुसायला लागला.

रविवारी चारच्या खेळाला तंबू गच्च भरला. बाजारकरी, शाळेची पोरं, ट्रॅक्टर भरभरून आलेली माणसं. फोटोग्राफर पुढच्या रांगेत कॅमेरा सरसावून बसला होता. मालक पडद्याच्या फटीतून पाहत होते. मी नेहमीच्या जागी, कलाकारांच्या दारावरच्या मचाणावर, बॅण्डच्या शेजारी उभा होतो. गळ्यात कंडक्टरची शिट्टी होती.

शिट्टी वाजवली. “चला मगोमेनी, तेमेके, उबुंगो, कारियाकू! हमिसी ड्रायव्हर, मगोमेनीचा!”

हमिसी शर्टाच्या बाह्या दुमडत, स्टिअरिंग फिरवत रिंगणात आला. लोक गप्प. त्यांना झाडपाला हवा होता आणि त्यांच्यापुढे एक माणूस गाडीचा कर्कश हॉर्न तोंडानं वाजवत होता. “अथुमानी, तेमेकेचा!” अथुमानी पळत येऊन एका दमात खांद्यावर. थोडी चुळबुळ. “झुबेरी, उबुंगोचा! अरे सरका की आत, आत जागा आहे!” झुबेरी दारात लटकला आणि कुठेतरी पोरं खिदळली. “शबानी, म्बागालाचा!” म्बागाला नीट आलं. हमिसीनं ब्रेक मारला, चौघंही पुढे झुकले आणि मागे आले, आणि डाव्या बाजूनं एक पोरगी ओरडली, “आई, वडाप!” मग दहा-वीस पोरं ओरडायला लागली. “वडाप! वडाप!” हशा उठला, चांगला हशा, ओळखीचा. मी पडद्याकडे पाहिलं. मालकांचे दात दिसत होते.

एकच नाव राहिलं होतं. रेहेमा टोपली डोक्यावर घेऊन, मान ताठ करून, गाडीच्या शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे वर पाहिलं.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात उजवीकडच्या बाकांवरून एक फेटेवाला उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “आरं, ह्यो तर डोंबाऱ्याचा खेळ! आमच्या चावडीम्होरं फुकट बघतुया की!”

तंबू हसला. वाईट हसला असंही नाही. गावाकडची माणसं अशी बोलतात आणि दुसऱ्या क्षणी विसरतात. मी “रेहेमा” म्हटलं असतं तर ती चढली असती आणि तो फेटेवालाही टाळ्या वाजवत बसला असता. हे मला तेव्हाही कळत होतं.

पण तो शब्द त्यानं त्या पाच जणांना म्हटला आणि लागला मला. मी डोंबाऱ्याचा. रत्नागिरीशी माझा काडीचा संबंध नव्हता. माझी आई हौसाबाई गावोगावच्या बाजारात, बांबूंच्या कैच्यांवर बांधलेल्या दोरावरून, पायाखाली पितळी ताट सरकवत चालायची. बाप खाली ढोलकी वाजवत तिला हाका मारायचा. “हौसाबाई, निघालीस कुठं?” “बाजाराला!” “काय आणशील?” त्याच्या त्या बोलण्यावरच माणसं खिळून राहायची. मी बोलायला शिकलो ते त्याच्याकडून. पंधराव्या वर्षी पळालो, सर्कशीत लागलो, राजे झालो. आई त्या रविवारी जिवंत होती, कऱ्हाडपासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर. सर्कशीत मी सांगितलं होतं की ती वारली.

मला वाटलं, त्या फेटेवाल्यानं मला ओळखलं. कोट फाडून आतला माणूस बाहेर काढला. खरं तर त्याचं माझ्याकडे लक्षही नव्हतं.

“नाही नाही, पाव्हणं!” माझा आवाज माईकमधून फुटला. “डोंबारी नव्हेत हे! डोंबारी बिचारा भाकरी मागतो, हे भाकरी देणाऱ्यालाच खातात! सावधान! घनदाट अरण्यातून थेट कऱ्हाडात! मायमाउल्यांनो, लेकरं मांडीवर घ्या! यांना सकाळपासून काही खायला दिलेलं नाही!”

असा हशा मला आयुष्यात मिळाला नव्हता. तंबूचं कापड वाऱ्यानं फुगल्यासारखं वाटलं. बॅण्डवाल्यांनी सवयीनं वाघांची धून सुरू केली.

खाली चौघं तसेच होते. हमिसीच्या मांड्या थरथरत होत्या, तिघांचं ओझं त्याच्या अंगावर होतं आणि तो चौथ्याची वाट पाहत होता. अजून वेळ गेली नव्हती. माईक माझ्या हातात होता. एक नाव घ्यायचं होतं, आठ दिवस घोकलेलं. हमिसी मान वर करून बघत होता, रागानं नव्हे, विसरलास का असं विचारल्यासारखा. मी दुसरीकडे, फेटेवाल्याकडे, पाहिलं. तो पोट धरून हसत होता.

मग हमिसीनं सावकाश एकेकाला खाली उतरवलं. स्टिअरिंग वाळूवर ठेवलं. शर्टाचं वरचं बटण लावलं, हे मला अजून दिसतं. आणि माझं वाक्य पडू नये म्हणून त्यानं तोंड वेंगाडलं, दात दाखवले आणि पुढच्या रांगेवर धावून जात जनावरासारखा ओरडला.

अथुमानीनं त्याच्याकडे पाहिलं आणि तोही ओरडला. मग बाकीचे दोघं. इस्त्रीचे शर्ट घातलेली चार माणसं रिंगणात गुरगुरत फिरत होती. फोटोग्राफरनं नेमका तेव्हाच फ्लॅश मारला.

रेहेमा ओरडली नाही. ती टोपली डोक्यावर घेऊन जागच्या जागी उभी होती. नंतर तिनं टोपली उतरवली, रिंगणाच्या कठड्यावर नीट ठेवली आणि चालत आत गेली. सर्कशीत खेळाडू रिंगणातून असा चालत जात नाही, पळत जातो. ती चालत गेली.

खेळ संपल्यावर मालक मचाणाखाली आले. “शेवटी तुमचं जुनंच खरं, प्रोफेसर,” ते म्हणाले. “सातच्या खेळाला झाडपाला.” त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी हसलो. तेही सांगायला हवं. मी हसलो.

सहाच्या सुमारास मी त्यांच्या राहुटीकडे गेलो. हमिसी एकटाच बाहेर पेटीवर बसला होता. समोर आरशाचा तुकडा, वाटीत कालवलेला पांढरा रंग. गालावर पट्टे ओढत होता.

“हमिसी, माझं चुकलं.”

“हो,” तो म्हणाला.

“रेहेमा?”

“आत पडलीय. सातला येईल. नंबर आहे ना.”

“तू ओरडलास कशाला? नुसता उभा राहिला असतास तर...”

“तू बोललेला होतास.” त्यानं बोट वाटीत बुडवलं. “तुझं वाक्य खाली पडलं असतं.”

त्यानं दुसरा गाल रंगवायला घेतला आणि आरशातूनच विचारलं, “त्या माणसानं एक शब्द म्हटला. मला समजला नाही. तो ऐकला आणि तुझा आवाज बदलला. डों...”

“डोंबारी.”

“कोण असतात ते?”

आता सांगायचं होतं. आजूबाजूला कुणीही नव्हतं. ऐकणारा एकच माणूस होता आणि त्याच्याइतका मला समजून घेणारा दुसरा कुणी त्या तंबूत नव्हता.

“असतात असेच,” मी म्हणालो. “गावोगाव हिंडतात. रस्त्यात दोर बांधतात, बाई त्यावरनं चालते. माणूस ढोलकी बडवतो. मग ताट फिरवतात. हलके लोक.”

“चांगली चालते का ती बाई?”

“काय माहीत. मी कधी बघितलं नाही.”

तो आरशातून वळला. माझ्या तोंडाकडे नाही पाहिलं त्यानं, पायांकडे पाहिलं. चपलेत माझा अंगठा शेजारच्या बोटापासून फाकलेला असतो. लहानपणापासून दोर धरून धरून ती फट पडलेली आहे, ती काही केल्या मिटत नाही. मी बोटं आवळून घेतली.

“दीड वर्षं मी तुला मास्टर म्हणतोय,” तो म्हणाला. “तुझं नाव काय?”

“पोस्टरवर आहे की.”

“पोस्टरवर तर आम्ही माणसं खातो.”

त्यानं रंगाचा हात फडक्याला पुसला आणि आवाज आणखी मऊ केला. “तू आमची नावं शिकलास. चार तरी घेतलीस. मी तुझं एक शिकतो. खरं असेल ते सांग.”

शिवा. आई मला शिवा म्हणायची. नाव अगदी ओठांवर आलं होतं. तंबूच्या पलीकडे सातच्या खेळाची तिकीटखिडकी उघडली होती आणि लाउडस्पीकरवर माझाच टेप केलेला आवाज वाजत होता. सावधान, सावधान.

“राजे,” मी म्हणालो. “विलास राजे.”

हमिसीनं मान हलवली. तोंडावर पांढरे पट्टे, अंगात अजून तो इस्त्रीचा शर्ट. त्यानं मला जसं शिकवलं होतं तसं ते नाव जिभेवर घोळवलं, सावकाश, एकेक अक्षर सांभाळत.

“वि-ला-स रा-जे. बरोबर म्हटलं का?”

“बरोबर,” मी म्हणालो.